घरगाडीची जलपरीक्षा

गळती बंद करणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. पाणी वरून खाली येतं. यायला त्याला भोक लागतं. भोक बुजवलं की पाणी येत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? पदार्थविज्ञानाची पदवी नसलेल्या माणसालाही हे समजतं, आणि माझ्याकडे तर ती आहे! चुरगळू नये म्हणून गादीखाली ठेवलेली.

आमच्याकडे एक घरगाडी आहे. म्हणजे पुढून ट्रक आणि मागून घर. आत दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा, कपाटं आणि अंग चोरून उभं राहता येईल एवढं न्हाणीघर. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणतो. घेतली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती, असं बाबा सांगतात. आई म्हणते, तेव्हाही नव्हती.

ताई गळायची. मागच्या सहलीत तिने आईच्या उशीवर असा काही नेम धरला, की सकाळ होताच आईने पिशवी भरली आणि सरळ बस पकडली. बस पुढे, बाबा गाडी घेऊन मागे, अशी ती सहल घरी परतली!

आता आई निवृत्त झाली होती. रुग्णालयात नर्स होती ती. तिच्या वॉर्डात म्हणे सलाईनसुद्धा तिला विचारून टपकायचं. बाबा किती वर्षं या दिवसाची वाट बघत होते. दोघांनी ताईतून निघायचं आणि रस्ता नेईल तिकडे जायचं. आई कबूल झाली, पण एका अटीवर.

"एक थेंब! माझ्या अंगावर एक थेंब जरी पडला, तर गाडी बेकरीवाल्यांना द्यायची. रविवारी विचारायला येणारच आहेत ते."

शेजारच्या बेकरीवाल्या काकांना ताईत फिरतं दुकान थाटायचं होतं. ते रोज कुंपणावरून तिच्याकडे असे बघायचे, जणू ती भट्टीतून बाहेर काढायचीच बाकी आहे.

"मान्य," बाबा म्हणाले. मग मला गाडीमागे नेऊन हळूच विचारलं, "जमेल ना गं तुला? नाही जमलं तरी असू दे. पण तिच्या उशीवर परत पाणी पडायला नको." बोलता बोलता त्यांचा हात ताईच्या पत्र्यावरून फिरत होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरतो तसा.

"बाबा, निर्धास्त राहा," मी म्हणाले. "साधा प्रश्न आहे."

शनिवारी मी शिडी लावून टपावर चढले. सांध्यांमधलं जुनं सीलंट खरवडायला घेतलं. त्याच्याखाली आणखी जुनं निघालं, त्याच्याखाली त्याहून जुनं. एका सांध्यात तर चक्क आईच्या वॉर्डातली चिकटपट्टी सापडली!

"तात्पुरती लावली होती," बाबा खालून म्हणाले.

"कधी?"

"तू बालवाडीत होतीस."

सगळं साफ करून मी नवं सीलंट भरलं. टपाचे सांधे, वरची खिडकी, बाजूच्या खिडक्या, स्क्रूची डोकी, काही म्हणून सोडलं नाही. माझे केस, बाबांचा चष्मा आणि शिडीसुद्धा जलरोधक झाली. मग मला टपावर एक जाळीचं झाकण दिसलं. खाली ओट्याजवळ जमिनीत आणखी दोन भोकं, दारावर एक.

"बाबा, ही भोकं कशाला?"

"पहिल्यापासून आहेत. असतील कशाला तरी."

"असतील कशाला तरी, हे काय उत्तर झालं? ही तर पाण्याला आत यायची राजरोस दारं आहेत!"

आणि मी ती बुजवली. अगदी काळजीपूर्वक, वर बोट फिरवून गुळगुळीत केली.

रविवारी सकाळी परीक्षा ठेवली. हवेत चांगलाच गारठा होता. आई लोकर, सुया आणि परीक्षकाचा चेहरा घेऊन पलंगावर बसली. गॅसची टाकी काढून ठेवली होती, म्हणून बाबांनी घरातून वायर ओढून विजेची किटली लावली आणि तेही आत बसले. दारं-खिडक्या घट्ट बंद. मी शिडीवर, हातात बागेतला पाइप.

"सोडतेय गं!" मी ओरडले आणि टपावर गार पाण्याची धार धरली.

धार बराच वेळ फिरवली. मी मनातल्या मनात हार घालून घेत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "पडला!"

"कुठे?"

"माझ्या चष्म्यावर!"

"आई, चष्मा अंगात धरायचा की नाही, यावर..."

"पुढचा नाकावर पडलाय!"

बाबांनी मध्यस्थी केली. पोरीला आणखी एक संधी दे, तोवर मी गरम चहा करतो, असं म्हणाले. मी खिडक्यांच्या कडांना चिकटपट्टीचे दोन थर दिले आणि पुन्हा पाणी सोडलं. या वेळी थेंब जास्त पडले. आई चिडली. आई चिडली म्हणून बाबांनी पुन्हा चहा टाकला. मी आणखी फटी शोधल्या, आणखी बुजवल्या, थेंब आणखी वाढले, आई आणखी चिडली, बाबांनी आणखी चहा टाकला! शेवटी मी बाहेरून दाराच्या फटीतही सीलंट भरलं.

"अगं, गळणं वाढतंय!" बाबांचा आवाज रडवेला झाला होता. "बेकरीवाले येतीलच आता."

मी शिडीवर बसून विचार केला. आलेलं पाणी कुठून येतं हे शोधायचं, तर त्याला ओळख द्यायला हवी. स्वयंपाकघरात खायच्या लाल रंगाची बाटली होती. ती अख्खी मी झाडांवर फवारायच्या पंपात ओतली आणि टपावर फवारा सुरू केला. आत लाल थेंब जिथे पडेल, त्याच्या वर भोक. शास्त्र म्हणतात ते हेच!

शास्त्रात वारा धरलेला नव्हता. तो उलटा फिरला, आणि कुंपणापलीकडून डरकाळी आली.

"कोण आहे रे तिकडे? माझे अ‍ॅप्रन!"

दोरीवर बेकरीचे पांढरे अ‍ॅप्रन वाळत होते. मघाशी पांढरे होते. आता ते एखाद्या खाटकाचे वाटत होते. काका पाव काढायचा लांब दांडा घेऊन फाटकातून आत आले.

"काका, एक मिनिट, प्रयोग चालू आहे! आई, थेंब कोणत्या रंगाचे?"

"रंग कसला? पाण्यासारखं पाणी आहे!"

"लाल नाही?"

"नाही!"

मी पंप खाली ठेवला. टपावर लाल तळं साचलेलं, आणि आत स्वच्छ पाणी. म्हणजे टप गळत नव्हता! मग पाणी येत कुठून होतं? बाहेरून गार पाणी, आतून किटलीची वाफ, जाऊ द्यायला एक फट नाही... हे यंत्र मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शंभरदा मांडलं होतं. मी आई-बाबांना ऊर्ध्वपातनाला लावलं होतं!

"आई, बाबा, आधी बाहेर या! भोकं हवेसाठी असतात!"

"येतो गं," बाबा म्हणाले. "पण दार उघडत नाहीये."

सीलंट वाळलं होतं. फारच उत्तम प्रतीचं होतं ते. मी खिडकीची पट्टी ओरबाडून काढली, एक तावदान उघडलं आणि आत वारा जाऊ दिला. काकांनी अ‍ॅप्रन विसरून दांड्याचं टोक दाराच्या फटीत घातलं. "सिस्टर, मागे सरका!" ते ओरडले. आम्ही दोघांनी जोर लावला, दार फाटकन उघडलं आणि मी काकांच्या अंगावर पडले.

उठून आत पाहिलं. छताला थेंबांच्या माळा लागल्या होत्या. पलंगावर आई आणि बाबा मांडीला मांडी लावून बसले होते, वर छत्री उघडलेली, हातात चहा. दोघं हसत होते. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छत्री बाबांच्या हातात होती, ती सगळीच्या सगळी आईवर धरलेली. त्यांचा अर्धा सदरा भिजून अंगाला चिकटला होता.

"मग सिस्टर," काका धापा टाकत म्हणाले, "गाडी देताय ना?"

बाबांनी छत्री मिटली. आईकडे न बघताच म्हणाले, "अट म्हणजे अट. थेंब पडलाय."

आईने त्यांच्या ओल्या खांद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"ए विद्वान! हे पाणी कुठलं, ते नीट सांग."

"किटलीचं," मी पुटपुटले. "आणि तुमच्या दोघांच्या श्वासाचं. वाफ गार पत्र्याला लागली की पाणी होतं."

"म्हणजे यांचा श्वास माझ्या नाकावर पडला?"

"थोडा तुझाही असेल."

"मग हे घरचंच पाणी झालं की! अट बाहेरच्या पाण्याची होती." आईने कप ठेवला. "काका, माफ करा. गाडी नाही मिळायची. अ‍ॅप्रन मात्र ही धुऊन देईल."

कोरड्या बाहीने बाबांनी आईचा चष्मा पुसला, आणि मग उगीचच कितीतरी वेळ पुसत राहिले.

दुपारभर मी बुजवलेली भोकं एकेक करून मोकळी केली. बाबांनी किटली बाहेर अंगणात नेऊन ठेवली. ताई आतून वाळली, बाहेरून गुलाबी राहिली. आईने बाबांना कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायला सांगितलं, आणि मी घाईघाईने माझी बॅग भरायला आत पळाले. तिघांनी निघायचं म्हणजे सामानाचा विचार करायला हवा होता. दुर्बीण घेतली, जाड मोजे घेतले, आणि सीलंटची एक नळी, लागलीच तर!

बाहेर आले तर अंगण रिकामं. बराच वेळ थांबले. शेवटी फोन केला.

"अगं, आम्ही बरेच पुढे आलो," आई म्हणाली. मागून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. "खिडकी उघडी ठेवलीय. काय सुंदर वारा येतोय म्हणून सांगू!"

"आणि मी?"

"तुला न्यायचंच होतं गं," आई मायेने म्हणाली, "पण यांनी हिशेब मांडला. तीन माणसांचा श्वास म्हणजे वाफ फार होते."