गोळीचा ळ

आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टिल्लूकाकांनी परत पाठवली होती, तांबड्या शाईच्या खुणा करून. खाली लिहिलं होतं, "नक्की येतो. पण 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ करा." सगळ्या पत्रिका छापून झाल्या होत्या हो! मी चरफडलो, तर ही म्हणाली, "जाऊ द्या, येतायत ना." आले, आणि जेवणाच्या फलकावरची 'जिलबि' दुरुस्त करून गेले.

टिल्लूकाका म्हणजे शनिवार पेठेतले आमचे शेजारी. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. उंची सहा फूट, आडनाव टिल्लू. त्यावर विनोद केलात तर "सातवीत ऐकलाय," एवढंच म्हणतील. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा औषधांचा स्टीलचा डबा मात्र काका अजून भरतात. मुदत संपलेल्या गोळ्या काढून नव्या ठेवतात, आणि रविवारी तो पिशवीत घालून 'उगवता तारा' क्लबच्या फुटबॉल मॅचला जातात. तिथे कुणी खोकलं रे खोकलं की डबा उघडलाच. मी एकदा नुसता घसा खाकरला, तर गोळी गिळावी लागली.

क्लबचा गोली, म्हणजे गोलकीपर, मारुती. खडकवासल्याकडचा. काकांचा त्याच्यावर भारी जीव. "एवढा एकच माणूस डोळे उघडे ठेवून काम करतो," म्हणायचे, "उत्तम मुद्रितशोधक झाला असता."

यंदा क्लब राज्यपातळीवर खेळला. तिथे मारुतीची तपासणी झाली आणि बंदी असलेलं द्रव्य निघालं. पेपरात ठळक मथळा आला: 'उगवता ताराच्या गोळीने उत्तेजक घेतले.'

काकांनी आम्हा दहा-बारा जणांना गोळा करून पेपरची कचेरी गाठली.

"हा ळ कुठून आला?"

वार्ताहर मुलगी गोंधळली. "काका, टायपो आहे. मुद्दा डोपिंगचा आहे."

"गोळी कधी उत्तेजक घेते होय? ज्यांना ल आणि ळ कळत नाही, त्यांनी माणसाला चोर ठरवू नये. त्याला विचारलंत एकदा तरी?"

विचारलं नव्हतं. "बघते," म्हणाली बिचारी.

संध्याकाळी फुटबॉल संघटनेच्या सचिवांसमोर आमची सभा होती. मारुतीवर दोन वर्षांची बंदी येऊ घातली होती, आणि तिशी उलटलेल्या गोलीला दोन वर्षं म्हणजे खेळ संपलाच. मार्केट यार्डातले आमचे कांदेवाले पोखरकर तावातावाने उठले. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय म्हणता, मग अडलंय कुठं?" त्यांना खाली बसवलं.

सचिव म्हणाले, "हे द्रव्य सर्दीच्या साध्या गोळीतही असतं. कुणी नकळत दिली असेल, तर शिक्षा कमी होऊ शकते. पण मारुतीने लिहून दिलंय, स्वतःच घेतली, कुणी दिली नाही."

मला एकदम आठवलं. तपासणी झाली त्या मॅचच्या आधी मारुती शिंकत होता. काका डबा घेऊन त्याच्याकडे लगबगीने गेले होते, आणि मी तिथेच होतो. मारुती मान खाली घालून बसला होता.

काका सावकाश उभे राहिले. "सचिवसाहेब, पेपरवाल्यांचा ळ बरोबर होता. गोळीच. मी दिली."

"काका, बसा की खाली!" मारुती ओरडला. "मीच घेतलीय म्हनलं ना! काय बी बोलताय?"

काकांनी सचिवांच्या हातातला कागद घेऊन पाहिला. "खोटं लिहिलंस ते लिहिलंस, वर 'स्वतः'चा विसर्ग खाल्लास?"

"अहो, पण तुम्ही गोळी दिलीत कशाला?" सचिवांनी विचारलं.

काकांनी पिशवीतला डबा काढून छातीशी धरला. "शिंकत होता हो. आता माझ्या घरात शिंकणारं कुणी नाही."

सचिवांनी काकांचा जबाब लिहून घेतला. बंदीचं काय ते पुढे ठरणार होतं. जबाबात माझ्यासारख्यालाही शुद्धलेखनाच्या तीन चुका दिसल्या. काकांनी एकीलाही हात न लावता सही केली.

बाहेर पडताना मारुती शिंकला. सवयीने काकांचा हात डब्याकडे गेला आणि तसाच थांबला. मग त्यांनी खिशातून धुवट रुमाल काढला.

मारुतीने तो घेतला, नाक पुसलं, आणि डब्याची पिशवी काकांच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला लावली. "चला, घरी सोडतो," म्हणाला. "च्या पाजा."

"चहा," काका म्हणाले.