साडूंच्या सत्कारातली दुरुस्ती

"मला मत्सर? छे! मी शास्त्रज्ञ माणूस आहे!" डॉक्टरांनी बायकोला ठणकावून सांगितलं आणि त्या भरात एकाच पायात दोन्ही मोजे चढवले.

वीस वर्षं त्यांनी रक्तदाबावर संशोधन केलं होतं. यंदाच्या आरोग्य पुरस्कारांत संशोधनाचा मान आपलाच, असं त्यांनी सासुरवाडीत जाहीरही करून टाकलं होतं. तो गेला भलत्यालाच! तेही एक वेळ गिळलं असतं, पण आरोग्य पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला साडूंना! ज्या माणसाला साधा थर्मामीटर झटकता येत नाही, त्याला! डॉक्टरांचा नुसता जळफळाट झाला. पण तो सासुरवाडीला दिसला असता, तर उरलीसुरली पतही गेली असती. म्हणून चेहऱ्यावर हसू चिकटवून ते सगळ्या मंडळींबरोबर सभागृहात दुसऱ्या रांगेत येऊन बसले.

"टाळ्या वाजवा की," बायको कुजबुजली.

"वाजवतोय."

"हात एकमेकांना लागू द्या!"

तेवढ्यात सूत्रसंचालिका बाईंनी साडूंच्या लेखातला उतारा वाचायला घेतला. लेखाचा विषय होता, मत्सर आणि रक्तदाब.

"'माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. माझा लेख छापून आला, की ते न चुकता आपला रक्तदाब मोजतात...'"

डॉक्टरांची कानशिलं तापली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या रोजच्या नोंदी तीच तर लिहायची!

"ताईला सहज बोलले हो मी," ती पुटपुटली. "पण भाऊजींनी नाव कुठं घातलंय? गप्प बसा, कुणाला कळायचं नाही."

खरंच होतं ते. नुसतं गप्प बसायचं होतं. डॉक्टरांनी दातांवर दात दाबून धरले.

"'माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, त्या दिवशी तर त्यांचा वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशीवर गेला!'"

"साफ चूक!" डॉक्टर ताडकन उभे राहिले. "एकशे चौसष्ट! आणि तोही जिना चढून आल्या आल्या घेतलेला! पाच मिनिटं बसून पुन्हा मोजला, तेव्हा एकशे अठ्ठावन्न भरला. चुकीचे आकडे छापता आणि वर बक्षिसं घेता?"

सासूबाईंनी सावकाश मान वळवली.

"अगंबाई! म्हणजे ते गृहस्थ तुम्ही होय, जावईबापू?"

मग जो हशा उसळला, तो थांबेचना. साडूंनी माइक ओढून घेतला. "दुरुस्ती मान्य, डॉक्टर! आकड्यांत तुमचा हात कोण धरणार?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बायकोला त्यांच्या कानाशी लागून ओरडावं लागलं, "बसा आता खाली! भाऊजींपेक्षा जास्त मिळाल्यात तुम्हाला!"