हौसाक्का म्हशीची परदेशवारी

एका जंगलात, मुलांनो, हौसाक्का नावाची म्हैस राहत होती. म्हैस जंगलात कशी, असं विचारू नका. ती पुढे विमानातही बसणार आहे, तेव्हा काय कराल?

हौसाक्काच्या पाठीवर पांडबा नावाचा बगळा राहायचा. तिच्या अंगावरचे किडे आणि गोचिड्या तो टिपायचा. त्याचं पोट भरायचं, तिची खाज जायची. मधूनमधून तो जंगलातल्या बातम्याही सांगायचा. दोघांचं छान चाललं होतं. आणि छान चाललेलं असलं की काय होतं? बरोबर, कंटाळा येतो.

त्यात शेजारची सांबरीण वहिनी आखातातलं एक शहर बघून आली. सगळीकडे वाळू आणि मधेच आभाळाला टेकलेली हॉटेलं. तेव्हापासून पाणवठ्यावर दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं, "यंदा गवत कोवळं आहे," की वहिनी म्हणे, "तिकडचं लॉन बघायला हवं तुम्ही." कुणी शिंकलं तरी वहिनीला तिकडचा एसी आठवे.

हौसाक्काला पाणी गोड लागेना.

"पांडबा, आपण जायचं," ती म्हणाली.

"आपण म्हणजे? मला काय करायचंय तिथे, अक्का?"

"मग माझी पाठ कोण बघेल रे?"

पांडबाने पंख झटकले. तो निघाला. पाठीवरच बसलेला असल्यामुळे विमानवाल्यांनी त्याला सामानात धरलं.

हॉटेल पाहून हौसाक्काचे डोळे दिपले. दारात एक उंट उभा होता. अंगात जरीचा कोट आणि मान इतकी उंच की, पाहुण्यांकडे बघताना आपोआपच तुच्छता यावी. त्याने आधी हौसाक्काला न्याहाळलं, मग तिच्या पाठीकडे बघितलं.

"हे काय आहे?"

मागे पाहुण्यांची रांग थांबली होती. एक जिराफीण गॉगल वर करून बघत होती. हौसाक्काला एकदम आपल्या पाठीवरचा वाळलेला चिखल जाणवला.

"कुठे काय?" ती म्हणाली.

"हा पक्षी. तुमच्याबरोबर आहे का?"

"इश्श! छे हो. वाटेत बसला असेल कुठेतरी. मी नाही ओळखत."

पांडबाने वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अक्का थट्टा करते आहे, असं त्याला क्षणभर वाटलं. मग तो उडाला. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. काचेचं दार आपोआप उघडलं आणि हौसाक्का आत गेली.

आत काय काय होतं म्हणून सांगू! नळ सोन्याचे होते. पाणी मात्र पाण्यासारखंच होतं. एका दालनात खोटा बर्फ पडत होता. बाहेरच्या उन्हात भाजलेले पाहुणे तिथे भाड्याचे कोट घालून हौसेने कुडकुडत होते. हौसाक्काही कुडकुडली. मग तिला चिखलस्नानाला नेलं. चिखल डब्यातून आला होता, त्याला गुलाबाचा वास होता.

ती सवयीने लोळली, तशी तिथली बाई किंचाळली. "मॅडम, लोळायचं नाही! नुसतं पडून राहायचं."

पडून राहिली आणि पाठ खाजायला लागली. शेपूट पोचेना. शिंग पोचेना. तिने संगमरवरी खांबाला पाठ घासली, तर पहारेकरी धावत आला. खांब इटलीचा होता म्हणे.

आता मात्र तिला पांडबा आठवला. बिचारा गेला कुठे? ऊन लागून पडला तर नसेल? जेवणाच्या टेबलावर दहा देशांचं गवत मांडलं होतं. तिला एकाचीही चव कळली नाही.

जायच्या दिवशी टूरवाला कोल्हा ओरडला, "चला, चला! शेवटचं आकर्षण! हे चुकवलं तर सहल फुकट!"

हॉटेलच्या मागे हिरवंगार लॉन होतं. भोवती मखमली दोरी आणि बाहेर लांबच लांब रांग. लॉनवर एक पांढराशुभ्र पक्षी संथ चालीने फिरत होता. त्याच्या पायात सोन्याचं वळं होतं. शेजारी पाटी होती: 'सदाहरित वनांतील दुर्मिळ शुभ्रपक्षी'.

तो पांडबा होता. तहानेने कासावीस होऊन तो लॉनच्या फवाऱ्यापाशी उतरला आणि हिरव्यावर पांढरा फार खुलतो, हे मॅनेजरच्या लक्षात आलं. नोकरी जागच्या जागी मिळाली.

हौसाक्का रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी दोरीवरून मान काढून हळूच म्हणाली, "पांडबा, मी रे!"

पांडबाने आधी तिची पाठ पाहिली. "अक्का, डाव्या कानामागे गोचीड आहे. चांगलीच फुगली आहे."

"मग काढ की!"

"ड्यूटीवर आहे. किडा खाताना दिसलो तर हाकलतील. इथे सोललेली कोळंबी देतात."

"नको करू असली नोकरी. घरी चल."

"घरी? कुणाबरोबर?"

हौसाक्काने मान आणखी पुढे काढली. ती बोलणार, तेवढ्यात फोटोवालं माकड म्हणालं, "मॅडम, मागे लोक थांबलेत. इकडे बघा. हसा!"

आणि मुलांनो, हौसाक्का हसली. फोटो फारच छान आला.

जंगलात परतल्यावर तिने तो पाणवठ्यावर सगळ्यांना दाखवला. सांबरीण वहिनीच्या वेळी हे आकर्षण नव्हतं, त्यामुळे तिचं तोंड एवढंसं झालं. "अगंबाई, किती पांढरा!" सगळ्या म्हणाल्या. "आपल्याकडे नाहीत हो असे बगळे."

एक म्हातारं कासव फोटो जवळ घेऊन म्हणालं, "हा आपला पांडबा दिसतो."

"छे!" हौसाक्का म्हणाली. "हा तिकडचा आहे."

हल्ली ती दिवसभर बाभळीला पाठ घासते. कुणी विचारलं, तर तिकडची हवा मानवल्यामुळे इकडची सोसत नाही, असं सांगते. आणि पुढच्या मोसमात तो बगळा पाहायला निम्मं जंगल जाणार आहे.

तात्पर्य: जिवलग मित्राला फार काळ पाठीवर बसवून ठेवू नये, त्याने तो स्वस्त होतो. त्याला एखाद्या भारी हॉटेलच्या दारात ओळख न देता सोडून द्यावं. म्हणजे तो रांग लावून बघण्याच्या लायकीचा होतो आणि आपल्यालाही त्याच्याबरोबर फोटो काढून घेता येतो.