लॅपटॉप घरचा, डीजे मी

डीजेला कुठला लॅपटॉप घ्यावा हे आमच्या अख्ख्या गल्लीत फक्त मला कळतं. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायची माझी आता लायकीच राहिलेली नाही, ते पुढे येईलच. पण कळतं ते कळतं. शाळा सोडल्यापासून मी दुसरं केलंय काय? सकाळी उठायचं, मित्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायचं आणि कोण डीजे काय वापरतो, कुणाचं ऐन रंगात काय बंद पडलं, तेच बघत राहायचं.

तर ऐका. क्लबमधे वाजवायला फारसं काही लागत नाही. मशीन त्यांचं, स्पीकर त्यांचे. खिशात पेनड्राइव्ह टाकायचा आणि राजासारखं जायचं. पण नव्या पोराला क्लबवाले दारात उभं करत नाहीत. आधी हॉल, गच्च्या, वाढदिवस, उद्घाटनं करावी लागतात, आणि तिथे सगळं सामान आपलं आपण न्यायचं. त्याला लॅपटॉप लागतो दणकट. विटेसारखा जड असला तरी चालेल, पण पंखा मोठा पाहिजे, तापून मान टाकता कामा नये. यूएसबीच्या जागा भरपूर पाहिजेत. एकीत कंट्रोलर, म्हणजे ते दोन चकत्यांचं यंत्र, एकीत गाण्यांची हार्ड डिस्क, आणि एक अडीनडीला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्यावर दुसरं काही नको. कुणाचा अभ्यास नको, कुणाचे फोटो नकोत. डीजेचा लॅपटॉप म्हणजे टूथब्रश. घरात सगळ्यांना मिळून एक, असं चालत नाही.

हे सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पाय दाबला.

पाय दाबला म्हणजे काय, ते सांगतो. बाबा ड्रायव्हिंग शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून त्यांचा उजवा पाय घरीही तसाच चालतो. मी तोंड उघडलं की पाय जमिनीत.

"लॅपटॉप घेऊ," बाबा म्हणाले. "पण तो घरचा असेल. धाकटीचा अभ्यास त्याच्यावर होईल, आईला काही लागलं तर तीही वापरेल. आणि दुसरं. शाळा सुरू व्हायच्या आत एखाद्या क्लबनं तुला बोलावलं, तर मी शाळेचं नाव काढणार नाही. नाही बोलावलं, तर गपचूप वर्गात जाऊन बसायचं."

आता तो वर्ग कुठला, तर मधे माझं वर्ष गेल्यामुळे धाकटीचा. माझी सख्खी धाकटी बहीण, जिला मी सायकल शिकवली, तिच्या वर्गात मी.

"आलास तर ओळख दाखवायची नाही," धाकटी वहीतून मान वर न करता म्हणाली. "आणि मागच्या बाकावर बसायचं."

"मी येतच नाहीये."

"मी आपलं सांगून ठेवलं."

दुकानात मी लॅपटॉप आधीच हेरून ठेवला होता. काळा, जाडजूड, बाजूंनी जागाच जागा. नुसता चालू केला तरी पंखा असा घुमायचा की वाटावं, आता उडतोय. पण आमच्या घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू दाजींना दाखवल्याशिवाय येत नाही. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. सांभाळतात म्हणजे, बंद पडला की बंद करून चालू करतात.

दाजींनी माझ्या लॅपटॉपकडे असं बघितलं, जसं काही मी म्हशीला घरात घ्या म्हणालो.

"हल्ली एवढं जड कोण घेतं? हा बघ." त्यांनी एक चपटा उचलला. इतका पातळ की त्यानं कणीक कापता आली असती. चंदेरी. आणि यूएसबीची जागा एक. तीही लहान.

"दाजी, मला तीन लागतात."

"हब मिळतो. एकाच्या तीन होतात."

"हब हलला तर सगळंच जाईल. आणि याला पंखाच दिसत नाही."

"पंखा नाही म्हणून तर आवाज नाही. तुलाच आवाज नको ना मधे?"

"अहो, पण तो तापणार."

"तू शाळेत किती शिकलास?" दाजींनी हसून विचारलं. दुकानदारही हसला. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "तुमच्यापेक्षा कमी शिकलो, तरी बंद करून चालू करणं मला जमतं." बाबांचा पाय दुकानाच्या फरशीत रुतला. त्यामुळे मग चंदेरी लॅपटॉप आला. मी तोंड मिटून राहिलो असतो तर कदाचित काळा आला असता. माझ्या बाबतीत हे नेहमी असंच होतं.

घरी आल्यावर दाजींनी तो सगळ्यांना "लावून दिला". धाकटीचे धडे. बाबांच्या वाहतुकीच्या खुणा. माझा कंट्रोलर आणि स्पीकर जोडले, आणि लॅपटॉपमधला झाडून सगळा आवाज त्याच स्पीकरमधून येईल असं करून ठेवलं. म्हणे घरातल्या सगळ्यांना चांगलं ऐकू यायला पाहिजे. आणि आईसाठी एक अॅप.

आई कपडे शिवते, जास्त करून लोकांचे जुने कपडे आल्टर करते. तिच्या हातात कायम कापड आणि तोंडात टाचण्या. लिहायला हात मोकळा नसतो, म्हणून कुणाचं काय करायचं ते ती विसरते आणि गिऱ्हाईक येऊन बोलतं. दाजी म्हणाले, "सासूबाई, नुसतं बोला. संध्याकाळी तुमची मशीनवर बसायची वेळ झाली की हा तुमच्याच आवाजात आठवण करून देईल. काम झालं की 'झालं' दाबा. नाही दाबलं तर तेच तेच बोलत राहील, आणि कंटाळला की पुढच्या आठवणीकडे जाईल." हे मला नंतर कळलं, तेव्हा मी खोलीत नव्हतो. रागानं गच्चीवर जाऊन बसलो होतो. आणि पुढेही रोज संध्याकाळी लॅपटॉप शिवणाच्या खोलीत असायचा तेव्हा मी मित्राच्या दुकानात.

आणि मग माझं नशीब उघडलं. शाळेशेजारचा जिमवाला नवा हॉल काढत होता. छाती अशी, की माणूस दारातून आधी छाती आत घालतो आणि मग स्वतः येतो. त्यानं मला उद्घाटनाला वाजवायला सांगितलं. क्लबचा मॅनेजर त्याच जिममधे यायचा, तोही येणार होता. क्लबमधे दर रविवारी दुपारी पोरांसाठी फक्त ज्यूसवाली पार्टी असते, तिला त्याला नवा डीजे हवा होता. "चांगलं वाजव," जिमवाला माझ्या खांद्यावर हात टाकत म्हणाला, "तुझं मी बोलून ठेवलंय." खांदा नंतर बराच वेळ दुखत होता.

मी एकही गोष्ट सोडली नाही. इंटरनेट बंद केलं. अपडेट बंद केले. धाकटीचे धडे बंद केले. घरात फिरून प्रत्येकाला विचारलं.

"आई, तुझं काही आहे का यात?"

"माझं काय असणार त्यात," टाचण्यांमधून आई म्हणाली. "मला कुठे येतं ते. माझं आपलं शिवणाच्या खोलीतलं."

पुढे विचारायला पाहिजे होतं, शिवणाच्या खोलीतलं म्हणजे काय. नाही विचारलं.

संध्याकाळी हॉल भरला. घरचे सगळे पहिल्या रांगेत, दाजीसुद्धा. हेडसर पाहुणे म्हणून आले होते. शाळेत परत घ्यायचं की नाही ते याच माणसाच्या हातात, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. मॅनेजर मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी. जिमवाल्यानं फीत कापली, बाही वर करून दंड दाखवला, आणि मी सुरू केलं.

खोटं नाही सांगत, मस्त वाजत होतं. एकातून दुसऱ्यात असं जात होतं की जोड दिसत नव्हता. मॅनेजरची मान हलायला लागली. लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला होता, पण चालत होता. मी ताल खाली आणला, आता एकदम उचलणार, आणि तेवढ्यात त्या शांत जागेत स्पीकरमधून बाईचा आवाज आला. दातांमधून, घुमत.

"गुलाबी फ्रॉक. टिपा राहिल्यात."

मी आईचा आवाज ओळखला. पण आवाज नेमका तालावर पडला होता. पोरं ओरडली. "गुलाबी फ्रॉक. टिपा राहिल्यात." परत तालावर. मी मागे बघितलं, तर मॅनेजरनं घडी सोडून अंगठा वर केलेला. त्याला वाटलं ही माझी करामत. आणि मला वाटलं, वाटू दे. मी खांदे उडवले, यात काय विशेष अशा चेहऱ्यानं ताल आणखी खाली आणला, आवाजाला जागा करून दिली आणि मग धाडकन उचललं. अख्खा हॉल "टिपा राहिल्यात" म्हणत नाचायला लागला. हेडसरांचासुद्धा एक पाय हलत होता. एकटी आई तेवढी तोंडावर हात ठेवून उभी होती.

मी म्हटलं, झालं, शाळा सुटली. परत ताल खाली आणला. हात वर केला. पोरं गप्प झाली, वाट बघायला लागली.

"जिमवाल्याची पँट. कंबर परत दोन बोटं सैल. पोटाचं कुणाला बोलू नका म्हणालाय."

जिमवाल्यानं पोट आत ओढलं. पण ओढलं हे सगळ्यांना दिसलं. मी घाईनं गाणं वाढवलं, तर आईही तेवढीच वाढली, कारण दोन्ही एकाच वाटेनं येत होतं. "पोटाचं कुणाला बोलू नका" हे बहुतेक चौकापर्यंत गेलं असावं. मी अॅप शोधायला लागलो. ते माझ्या पडद्याच्या मागे कुठेतरी दडलं होतं.

"हेडसरांचा कोट. खांद्यात जाड गाद्या घालायच्या. खांदे नाहीतच त्या माणसाला."

मी पडदा खाली करायला बटण दाबलं आणि चंदेरी लॅपटॉपनं मान टाकली. गाणं उचकी लागल्यासारखं अडकलं, अडकलं, आणि गेलं. आई नाही गेली. आता गाणं नव्हतं, ताल नव्हता, पूर्ण हॉलमधे नुसते हेडसरांचे खांदे होते.

"बंद करून चालू कर," दाजी पुढे धावत आले.

"बंद होत नाहीये."

"मग हब काढ. हब काढ आधी."

मी हब ओढून काढला. मोठे स्पीकर गप्प झाले. मी श्वास सोडला. तर लॅपटॉपच्या स्वतःच्या लहान स्पीकरमधून आवाज यायला लागला, डब्यात माशी बोलावी तसा. तोही कुणाला ऐकू गेला नसता. पण जिमवाल्यानं भाषणाचा माइक माझ्या टेबलावर लॅपटॉपला टेकवून ठेवला होता, आणि तो दुसऱ्या स्पीकरला जोडलेला होता, चालू.

ते अॅप नवी आठवण आधी वाजवतं आणि सगळ्यात जुनी शेवटी. आता शेवटची राहिली होती.

"दादाची शाळेची पँट. खालची दुमड सोडायची. शाळा सुरू व्हायच्या आत." मग थोडी खरखर, आणि परत आई, "उमटलं का हो, जावईबापू?" आणि त्याच्यावर दाजींचा खूश आवाज, "उमटलं, उमटलं."

दादा म्हणजे मी. घरात मला सगळे दादाच म्हणतात, आईसुद्धा.

म्हणजे लॅपटॉप घरात आला त्याच दिवशी. मी वर गच्चीवर रागावून बसलो होतो, अजून एक गाणंही वाजवलं नव्हतं, आणि खाली आईनं पहिली आठवण भरली ती ही. मी माइक बंद करायचं विसरूनच गेलो. परत वाजलं. "दादाची शाळेची पँट." आता पोरं हे पण तालावर म्हणायला लागली. बाबांचा उजवा पाय खुर्चीखाली जमिनीत इतका रुतला होता की त्यांना उठताच येईना.

घरी येताना आई माझ्याशेजारून चालत होती.

"मला वाटलं, तो घरी असला तरच बोलतो," ती म्हणाली.

"पँटचं तू पहिल्याच दिवशी बोललीस."

"काहीतरी बोलून बघा म्हणाले दाजी. तेच तोंडात आलं."

"तेच कसं आलं?"

यावर ती काही बोलली नाही. तोंडात टाचण्या नसतानाही.

दुसऱ्या दिवशी जिमवाला येऊन आपले कपडे अर्धवट होते तसे घेऊन गेला. आईनं ते दारातूनच दिले. हेडसर आले नाहीत. त्यांचा कोट खुंटीवरून काढून आई त्यात गाद्या घालत राहिली.

दुपारी मॅनेजरचा फोन आला. मी धावत जाऊन उचलला.

"काल बोलणाऱ्या त्या बाई कोण रे?"

"माझी आई."

"नंबर दे ना त्यांचा. माझ्या दोन पँटी आहेत. पण सांग त्यांना, लिहून घ्या म्हणावं, बोलू नका."

"आणि रविवारचं?"

"रविवारी मी घरीच असतो, दुपारनंतर कधीही आणून दिल्या तरी चालतील."

शाळा सुरू झाली. धाकटीनं सांगितल्याप्रमाणे मी मागच्या बाकावर बसलो आणि तिला ओळख दाखवली नाही. तिनंही नाही. पण वर्गातल्या पोरांनी मला बघून बाक वाजवायला घेतला, "टिपा राहिल्यात", आणि तेव्हा तिनं मागे वळून एकाच्या पाठीत असा गुद्दा घातला की ताल तिथेच तुटला. मग पुन्हा पुढे तोंड करून बसली, जशी काही मला ओळखतच नाही.

तेवढ्यात हेडसर आले. अंगात आईनं गाद्या घातलेला तोच कोट, भरदार खांदे. ते माझ्या बाकापाशी थांबले. मी त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्या पँटच्या खाली, जुन्या दुमडीची जी पांढरट रेघ अजून दिसते, तिच्याकडे बघितलं. मग ते पुढच्या बाकाकडे गेले.

पँट मात्र अगदी मापात बसलीये. आईचं काम चोख असतं, एवढं मानायलाच पाहिजे.