दिनकरआण्णांची राखीव आघाडी

उद्यमनगरात माझ्या शेजारच्या फौंड्रीत चहा हवा असेल, तर "रसद आली काय?" असं विचारावं लागतं. नुसता चहा मागणाऱ्याला तो मिळत नाही. मालक दिनकरआण्णा याला युद्धकाळातली शिस्त म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं. आण्णा पंपाचे भाग ओतायचे, मी ते लेथवर कातून द्यायचो आणि माल समुद्रापलीकडच्या एका शहरात हबीबसाहेब नावाच्या व्यापाऱ्याकडे जायचा. मग त्या शहरावर बॉम्ब पडायला लागले, जहाजं थांबली आणि आण्णांनी ऑफिसात जगाचा नकाशा टांगला. ऑफिसचं हेडक्वार्टर झालं, भंगाराच्या ढिगाची उत्तर आघाडी आणि संडासाची दक्षिण आघाडी. "मॅनेजर दक्षिणेत अडकल्यात" असं फोनवर ऐकून गिऱ्हाईकं घाबरायची.

पण माणूस हुशार! आजूबाजूला कामगार घरी बसत होते, तेव्हा आण्णांनी व्यायामशाळेची वजनं आणि उसाच्या चरकाचे गिअर ओतायला घेतले. एकाही माणसाला काढलं नाही. "पावणं, ह्यो डाव हाय, माघार न्हाय!" हे भेटेल त्याला ओरडून सांगायचे.

एकच गोष्ट माझ्या डोक्यात जायची. भट्टीजवळची मोक्याची जागा हबीबसाहेबांच्या मालाच्या लाकडी साच्यांनी अडवली होती. पुण्याची मोठी ऑर्डर आली, काम करायला जागा पुरेना, तरी आण्णा साचे हलवू देईनात. उलट रोज सकाळी स्वतः फडक्यानं पुसत. विचारलं की म्हणत, "ती राखीव आघाडी हाय."

एकदा मी चिडलोच. "आण्णा, तो माणूस फोनच उचलत नाही. आहे की नाही कुणाला ठाऊक! कुणासाठी जागा अडवताय?"

आण्णांनी जवळच्या साच्यावर हात ठेवला. 

"आपल्याकडं आलता, तवा माझ्या आईजवळ बसून तांबडा रस्सा जेवलता त्यो," ते हळू आवाजात म्हणाले. "डोळ्यातनं पाणी, पर वाटी खाली ठेवंना. त्याचा साचा मीच उचलून टाकला, तर त्यो गेला असं मीच म्हटल्यागत हुईल की."

त्यानंतर मी त्या साच्यांबद्दल बोललो नाही.

परवा सकाळी आम्ही रसद घेत बसलो होतो. आण्णांनी रोजच्यासारखा हबीबसाहेबांना फोन लावला आणि पलीकडून चक्क आवाज आला. मी नकाशाकडे बोट दाखवून खुणावलं, माल कुठल्या बंदरातून पाठवायचा ते विचारा! आण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एरवी हबीबसाहेबांशी ते मोडक्या हिंदीत बोलायचे. आज तेही विसरून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडले, "हबीबा, जेवलास काय रं?"

पलीकडच्या माणसाला काय कळलं देव जाणे. तो हसत होता, रडत होता आणि पुन्हापुन्हा "आण्णा, आण्णा" म्हणत होता.

फोन ठेवून आण्णांनी त्याच फडक्यानं डोळे पुसले. मग दारात जाऊन हाक दिली, "आरं, समद्यास्नी च्या सांगा!"

रसद म्हणायचं त्या दिवशी ते साफ विसरले.