नाकाडोंगरीचं शहर, मंगळवारपुरतं

"साऱ्या तुमसर तालुक्यात नसन, असा पीएच.डी. मी होनार! होनार म्हंजे होनार!"

भोजराज मास्तरने एस.टी. थांब्यावरच्या चहाच्या टपरीत हे जाहीर केलं आणि बाकड्यावर अशी मूठ आपटली की श्रावणचा चहा श्रावणच्याच धोतरावर सांडला.

"होजो बापा," श्रावण म्हणाला. "पन आधी माहा चहा भरून दे."

"विषय कोनता गा, मास्तर?" दादाजीने विचारलं. दादाजी म्हणजे गावच्या नाटक मंडळाचा मालक, दिग्दर्शक आणि प्रॉम्प्टर. धान कापून झालं, मंडईची जत्रा भरली की नाकाडोंगरीत नाटक व्हायचंच, आणि पडद्यामागून दादाजी नटांच्या कानात जे कुजबुजायचा ते वाऱ्याची दिशा बरी असली तर पार बपेरा गावापर्यंत ऐकू जायचं.

"नागरी शिक्षण!" भोजराज म्हणाला.

"म्हंजे शहरातलं?"

"हो!"

"अन् शहर कुठी हाय?"

भोजराज बाहेर बघायला लागला. बाहेर एक बकरी एस.टी.चं वेळापत्रक मन लावून खात होती.

त्याचं असं झालं होतं. ग्रामीण शिक्षणात एकही जागा उरली नव्हती. विदर्भातल्या यच्चयावत खेड्यांतल्या मास्तरांनी तिथे आधीच बस्तान मांडलं होतं. नागरी शिक्षणात मात्र नागपूरचे मार्गदर्शक डॉ. मांडवगणे यांच्याकडे पीएच.डी.ची एक जागा रिकामी होती. आता नोकरी नाकाडोंगरीत, रजा मिळायची नाही. तेव्हा शहरही नाकाडोंगरीतच असणं भाग होतं! भोजराजने आपल्या आराखड्यात डोळ्याची पापणी न लववता लिहिलं, 'नाकाडोंगरी हे झपाट्याने विस्तारणारे नागरी केंद्र आहे.' पुरावे दोन. एक, खाणीचे ट्रक इथून जातात. दोन, गेल्या वर्षी टुरिंग टॉकीज महिनाभर मुक्कामाला होती. मशीन बिघडल्यामुळे तिला निघता आलं नव्हतं, हा तपशील संशोधनाच्या दृष्टीने गौण होता.

नोंदणी झाली! भोजराजने गावभर पेढे वाटले. पेढ्याची चव जिभेवर असतानाच नागपूरहून कार्ड आलं. डॉ. मांडवगणे मंगळवारी नागरी केंद्राची पाहणी करायला येत होते. केंद्र नागरी न आढळल्यास नोंदणी रद्द!

भोजराज टपरीच्या बाकड्यावर ओल्या पोत्यासारखा बसला. "मेलो! पीएच.डी. गेली!"

"कायले भेऊन राहिला?" दादाजी उसळून म्हणाला. "याच गावात आपन अयोध्या उभी केली. लंका त दोनदा जाळली! त्याच्यापुढे नागपूर कोन्ती मोठी चीज हाय?"

मग काय! नाटकाची पेटी उघडली. राजवाडा, जंगल, तुरुंग आणि तळाशी 'शहरातला रस्ता'. इमारती, मोटारी, सगळं काही! रस्त्यावर पिवळाधमक चंद्रही होता, कारण हा पडदा प्रेमाच्या प्रवेशाला लागायचा. दादाजीने तो शाळेच्या पडवीत असा ताणून बांधला की मागची बोडी म्हणजे गावतळं, शेतातल्या धानाच्या बांध्या आणि बोडीत डुंबणाऱ्या म्हशी दिसेनाशा झाल्या. वास मात्र तसाच राहिला.

मग दादाजीने गाव गोळा करून तालीम घेतली.

"नीट आयका! शहरात कोनी कोनाले पुसत नाही. कोन गावचे, कोनाचे पावने, पोरंबाळं किती, एक शबुद नाही! चहा नाही, पानी नाही, रामराम नाही!"

भोजराजची आई शकुनबाई तडक उभी राहिली. "घरी आलेल्या मानसाले पानी बी नोको देऊ? हे कोन्तं शिक्षन होय रे, भोजा?"

"नागरी, आई."

"आग लागो त्याले!"

मंगळवारी डॉ. मांडवगणे एस.टी.तून उतरले ते नखशिखांत लाल धुळीने माखून. मारुतीच्या मूर्तीला चष्मा लावावा तसे दिसत होते. समोर श्रावण नाटकातल्या बॅरिस्टरचा कोट घालून उभा.

"अहो, शाळा कुठे आहे?"

"मले टाइम नाही!" श्रावण गरजला आणि घाईघाईने चार पावलं पुढे जाऊन लिंबाखाली निवांत बसला. पहाटेपासून तो तिथेच बसून होता.

डॉक्टरांचे डोळे चमकले. "वा! अगदी नागरी वर्तन!" त्यांनी टिपून घेतलं.

भोजराज धावत त्यांना घ्यायला आला. रस्त्याने माणसं एकमेकांकडे न बघता झपाझप चालत होती. कुठे जायचं हे न ठरवल्यामुळे ती कोपऱ्यावरून वळून पुन्हा परत येत होती. "केवढी वर्दळ!" डॉक्टर म्हणाले. भोजराजची छाती फुगली. त्याला आपल्या नावामागे 'डॉ.' लागलेलं दिसू लागलं. टिंब तर अगदी स्पष्ट!

पण ऊन चढलं होतं. डॉक्टर एका दारापाशी थांबले. "बाई, जरा प्यायला पाणी मिळेल का?"

दारात सत्यभामाबाई, तिच्या सुना, नातवंडं आणि कुत्रा, सगळे रांगेने उभे होते.

"घरी कोनी नाही!" सत्यभामाबाई म्हणाली.

"सामाजिक अलिप्तता, अत्युच्च," डॉक्टरांनी कोरड्या जिभेने पुटपुटत लिहिलं. अक्षर जरा हललं.

शाळेत पोचेपर्यंत डॉक्टरांची मान डुलायला लागली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तो चंद्र?"

"म्युनिसिपालटीचा दिवा आहे, सर!"

डॉक्टरांनी पुढच्या बाकावरच्या रुखमाला उभं केलं. "बाळ, तुझे वडील काय करतात?"

"ऑफिसात जाते!" पडद्यामागून दादाजी कुजबुजला. अख्खा वर्ग ओरडला, "ऑफिसात जाते!"

"हा मागून आवाज कुणाचा?"

"रेडिओ, सर. शेजारच्या फ्लॅटमधला."

"अच्छा. आणि आई?"

"ऑफिसात जाते!" वर्ग पुन्हा गरजला.

"मग घरी कोण असतं?"

या प्रश्नाची तालीम झाली नव्हती. रुखमाने स्वतःच्या अकलेने सांगितलं, "म्हैस."

डॉक्टर काहीतरी लिहायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग हळूहळू, धानाची पेंडी कलंडावी तसे आडवे झाले!

रंगमंचावर माणूस पडला की दादाजीला पुढचं वाक्य रोखता यायचं नाही. पडद्यामागून तो काळीज फाडून ओरडला, "पानी! अरे, पानी आना कोनी! माहा राजा पडला!"

ते वाक्य संपायच्या आत शकुनबाई भर रस्त्यातून बाहेर आली. रस्ता फाटला! ती सकाळपासून लोटा घेऊन पडद्यामागेच उभी होती. तिच्यामागून उघड्या पडलेल्या भगदाडातून एका म्हशीने आत डोकं घातलं आणि तिच्यामागून गाव! कोणी भात आणला, कोणी बोडीतल्या मासोळीचा रस्सा, कोणी सुपाने वारा घालायला लागलं. दिवसभर दाबून धरलेले प्रश्न एकदम फुटले.

"कोन गावचे जी?" "पोरंबाळं किती?" "माय हाय का?" "एवढे वाळले काहून?"

"पह्यले जेवू द्या त्यायले!" शकुनबाई गरजली. "गाडा तुमचं शहर!"

भोजराज कोपऱ्यात फाटका चंद्र हातात घेऊन उभा राहिला. संपलं!

डॉक्टर जेवले. पुन्हा भात घेतला. रस्सा तर वाटीला तोंड लावून प्यायले. मग हात धुऊन भोजराजजवळ आले.

"हे शहर नाही."

"नाही, सर." भोजराज चंद्राची घडी घालत म्हणाला.

"पण शहर म्हणजे काय, ते या गावाला जितकं नेमकं कळलंय तितकं माझ्या एकाही विद्यार्थ्याला कळलेलं नाही! नोंदणी राहू द्या. फक्त केंद्र बदला. उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला या, माझ्याकडेच उतरा. घर आपलंच समजा!"

भोजराज एवढा उडाला की म्हैस दचकून मागे सरली.

उन्हाळ्यात तो वरठी स्टेशनात नागपूरच्या गाडीत बसला. सोबत आईने दिलेलं तांदळाचं गाठोडं आणि सुकवलेल्या मासोळ्या. रणरणत्या उन्हात विचारत विचारत तो डॉक्टरांच्या दाराशी पोचला. घसा कोरडा, पण मन कसं आनंदाने भरून आलेलं! त्याने कडी वाजवली.

आतून डॉक्टरांचाच आवाज आला, "घरी कोणी नाही!"

भोजराजने गाठोडं खाली ठेवलं, पायरीवर बसला आणि मोठ्या उत्साहात संशोधनाला सुरुवात केली.