जांबोटीला जाणारा पिंजरा

आमच्या बेळगावच्या वडगावात घरात उंदीर घावला तर लोक काय करायचं ते करून मोकळे होतात. समोरचे सॅमसन अण्णा मात्र त्याला गाडीत बसवून जांबोटीला सोडून येतात! पिंजऱ्यावर टॉवेल टाकायचा, मांडीवर घ्यायचा आणि खिडकीशी बसायचं. आत काय आहे म्हणून कंडक्टरनं कानडीत दरडावलं, की हे त्याहून गोड कानडीत सांगणार, पाहुणा आहे, रानात पोचवायचाय.

नाव बघा, सॅमसन, बायबलातल्या सिंह फाडणाऱ्या पैलवानाचं! आणि डास चावला तर फुंकर घालून उडवणार. मी म्हणते, "अहो, डेंग्यू होईल!" तर म्हणतात, "त्येला बिचाऱ्याला काय म्हाईत, आक्का?" गल्लीत कुणी पाटी कानडीत की मराठीत यावरून एकमेकांची गचांडी धरली, की हा पाच फुटी माणूस "मारामारी न्हाय पायजे, मारामारी न्हाय पायजे" करत मधे घुसतो. दोन्हीकडचे तडाखे खातो आणि वर दोघांनाही चहा पाजतो. आमच्या यंत्रमागांची दुरुस्ती तेच करतात, पण माग अडला तर त्यालाही हातोडा मारत नाहीत, आधी समजूत घालतात. आता काय बोलायचं!

रविवारची तर तऱ्हाच वेगळी. इस्त्रीचा शर्ट, एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात नारळ, असे चर्चला निघतात. पिंजरा दाराबाहेर ठेवतात. अर्पणाची वेळ आली, की नारळ पुढं नेऊन ठेवायचा, पाळकांच्या कानाशी लागायचं, "जरा ह्येच्याकडं बघा, आलोच," आणि भर उपासनेतून जांबोटीची गाडी गाठायची. संध्याकाळी येऊन तोच नारळ परत घरी. पुढच्या रविवारी पुन्हा तोच! आतलं पाणी कधीच आटलंय, हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो. घरात मार्थावहिनी वैतागून म्हणतात, "निदान नवा तरी न्या हो!" तर म्हणे, "ह्योच द्यायचा ऱ्हायलाय."

एकदा मी सरळ विचारलं, "अण्णा, तुमचा देवावर विश्वास आहे तरी का?"

"सोमवार ते शनिवार आमचं भांडण चालतंय," ते म्हणाले. "रविवारी जातो. पण गाणं म्हणाय गेलं की आवाज फुटत न्हाय. खोटं कसं म्हणू?"

मागं त्यांचा गुडघा धरला. मार्थावहिनींनी मला गळ घातली, "आक्का, तेवढं जावा की ह्यांच्यासंगं." बायकांना सरकारी गाडीत तिकीट पडत नाही, मला तरी काय, निघाले.

जांबोटीला उतरलो. अण्णा रानाकडं वळलेच नाहीत. एका कौलारू घरासमोर रस्त्यापलीकडं दगड होता, त्यावर जाऊन बसले. समोरच्या कट्ट्यावर एक म्हातारा बांबूच्या कामट्या काढत होता. नाक डिट्टो अण्णांचं.

"अहो, सोडा की उंदीर!" मी म्हटलं.

अण्णांनी टॉवेल उचलला. पिंजरा रिकामा.

"आज घावलाच न्हाय," ते म्हणाले. "तरी आलो. पिंजरा असला म्हंजी कुणी इचारलं तर सांगाय येतंय."

मग खाली बघत सांगितलं. समोरचा त्यांचा धाकटा भाऊ, दानियल. आई गेली तेव्हा दानियल म्हणत होता, तिला जांबोटीतच माती द्यायची. हे म्हणत होते, बेळगावात. आईला अजून उचललीही नव्हती, आणि अण्णांनी भावाच्या कानाखाली मारली. त्याचा डावा कान गेला तो गेलाच.

"पाळक एकदा बोललेले, भाऊ नाराज असंल तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्येच्याकडं जा. बाकी कायबी पटू न पटू, एवढं मला पटलंय. पण हितनं पुढं पाय उचलत न्हाय, आक्का."

माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. मी तडक रस्ता ओलांडला आणि कट्ट्यावर जाऊन पाणी मागितलं.

दानियल उठला. आतून दोन तांबे घेऊन आला.

"एक त्येला द्या," तो म्हणाला. "दर रविवारी उन्हात बसतोय येडा."

मी तांबा घेतला तरी तो हातातनं सोडेना. मग अण्णांकडं न बघताच म्हणाला, "आणि त्येला सांगा, हिकडं उजव्या अंगाला येऊन बस म्हणावं. डाव्या कानाला मला ऐकू येत न्हाय."

मी हाक मारायच्या आतच अण्णा उठले होते. दुखरा गुडघा ओढत आले, पिंजरा तिथंच दगडावर राहिला. भावाच्या उजव्या बाजूला टेकले. दानियलनं पुन्हा कामटी हातात घेतली होती, पण कोयता चालवत नव्हता.

"दानू," शेवटी अण्णा म्हणाले, "येतंय न्हवं ऐकू?"

"व्हय रं दादा. बोल."